फाइल पुरात गेली आणि आता दम लागतो : आधी काय करावे?

आदरणीय डॉक्टर मॅडम,
मी सव्वीस वर्षांची आहे, मूळची सांगलीची, आणि सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. २०१३ मध्ये, नववीत असताना, मला हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला. मुंबईतील एका खासगी रुग्णालयात सहा वेळा केमो आणि त्यानंतर छातीला शेक (रेडिएशन), असे उपचार होऊन मी पूर्ण बरी झाले. पाच वर्षे तपासणीला जात होते. मग ‘आता यायची गरज नाही’ असे सांगण्यात आले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि माझी फाइल भिजली. बाबांनी एकेक पान दोरीवर वाळत घातले, पण बहुतेक पानांवरची शाई फुटली. गेले तीन-चार महिने ऑफिसचे तीन जिने चढताना मला दम लागतो. हातातले स्मार्टवॉच मात्र सगळे ठीक असल्याचे दाखवते. मी कॅन्सरविषयीची दोन ॲप घेतली, तीन व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील झाले, एआयलाही विचारले. कोणी म्हणते ही नुसती चिंता आहे, कोणी गुळवेलीचा काढा घ्यायला सांगते, आणि एका उत्तरात ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द वाचल्यापासून मला झोप नाही. रुग्णालयात फोन केला तर ‘इतकी जुनी फाइल सापडणार नाही’ असे उत्तर मिळाले. घरी लग्नाचे पाहत आहेत आणि आई म्हणते, बारा वर्षे झाली, आता तो विषय काढू नकोस. मी नेमके कोणते ॲप किंवा कोणता ग्रुप धरावा? आणि जीव वाचल्यावरही अशा तक्रारी करणे हा कृतघ्नपणा आहे का?
— एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ॲपच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, परंतु त्याआधी एक काम याच आठवड्यात व्हायला हवे, आणि ते फोनवर होणारे नाही. जवळच्या एखाद्या फिजिशियनकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जा आणि खुर्चीवर बसताच, दमाविषयी बोलण्याच्याही आधी, हे वाक्य सांगा : ‘वयाच्या चौदाव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमासाठी केमो आणि छातीला रेडिएशन दिले होते.’ हे वाक्य वगळले, तर सव्वीस वर्षांच्या मुलीला जिने चढताना लागणाऱ्या दमाकडे कोणताही डॉक्टर बैठे काम, अशक्तपणा किंवा ताण म्हणून पाहील, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसेल. हे वाक्य ऐकल्यानंतर मात्र तो ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी लिहून देईल आणि गरज वाटल्यास फुप्फुसांची क्षमता मोजणारी पीएफटी तपासणीही सांगेल. दम हा हृदयामुळे लागू शकतो, फुप्फुसांमुळे लागू शकतो, मंदावलेल्या थायरॉइडमुळे किंवा साध्या रक्तक्षयामुळेही लागू शकतो. तुमच्या बाबतीत यांतले पहिले तिन्ही जुन्या उपचारांशी जोडलेले असू शकतात आणि चौथे आपल्याकडे इतके सर्रास आढळते की ते विसरून चालत नाही. रात्री आडवे झाल्यावर गुदमरल्यासारखे होऊ लागले, पावलांवर सूज आली, छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडलात, तर आठवडाभरही थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.

स्मार्टवॉचविषयी तुम्ही जे लिहिले आहे, त्यावर थोडे थांबते आहे असे समजा, कारण तुमच्या वयाच्या अनेकांची इथेच फसगत होते. मनगटावरचे घड्याळ त्वचेखालच्या रक्ताच्या लहरींवरून नाडीचे ठोके मोजते, आणि काही घड्याळे ठोक्यांतला अनियमितपणाही टिपतात. मात्र प्रत्येक ठोक्यागणिक हृदय किती जोराने आकुंचन पावते आणि आतले किती टक्के रक्त पुढे ढकलते, हे त्याला कळत नाही. ते टू-डी इकोमध्ये दिसते, आणि रिपोर्टवर ‘ईएफ’ या दोन अक्षरांपुढे त्याची टक्केवारी लिहिलेली असते. केमोमुळे हृदयाच्या स्नायूवर परिणाम झाला असेल, तर ठोके वर्षानुवर्षे व्यवस्थित पडत राहतात आणि ताकद तेवढी हळूहळू उतरत जाते. त्यामुळे घड्याळाने ‘ठीक’ म्हटले, यावरून तुमच्या प्रश्नाचा निकाल लागत नाही.

आता फाइलकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तुम्ही ‘सहा वेळा केमो’ असे लिहिले आहे. हे तीन शब्द ऐकून मी किंवा जगातले कोणतेही ॲप तुम्हाला फारसे काही सांगू शकत नाही, आणि का ते पाहा. त्या काळात हॉजकिन लिम्फोमासाठी एबीव्हीडी नावाची औषधयोजना मोठ्या प्रमाणावर वापरली जात असे. तिच्या प्रत्येक चक्रात डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध (ज्या बाटलीनंतर लघवी लाल होते, ती बाटली तुम्हाला आठवत असेल) शरीराच्या दर चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅम दिले जाते, म्हणजे सहा चक्रांत ३०० मिलिग्रॅम होतात. लहान मुलांसाठी आलेल्या ओईपीए-कॉपडॅक या योजनेतही सहाच चक्रे असू शकतात, परंतु डॉक्सोरुबिसिन त्यांतल्या पहिल्या दोनच चक्रांत असते आणि त्याची बेरीज १६० वर थांबते. तिसरी, कॉप आणि एबीव्ही एकत्र करून दिली जाणारी योजना असेल, तर सहा चक्रांची बेरीज साधारण २१० होते. एबीव्हीडीमध्ये आणि या तिसऱ्या योजनेत ब्लिओमायसिन असते, ज्याचा फुप्फुसांशी संबंध येतो. ओईपीएमध्ये ते नसते. तिसऱ्या योजनेत प्रोकार्बाझिन असते, ज्याचा बीजकोशांशी संबंध येतो. एबीव्हीडीमध्ये ते नसते. रोग तोच, ‘सहा वेळा केमो’ही तेच, आणि तरीही पुढच्या आयुष्यात कोणत्या अवयवावर लक्ष ठेवायचे याची उत्तरे तीन प्रकारची आहेत. शिवाय छातीला किती ग्रे (शेकाची मात्रा मोजण्याचे एकक) शेक दिला आणि नेमक्या कोणत्या भागाला दिला, हे त्यात मिळवायचे राहिलेच.

हृदयापुरते बोलायचे तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्सोरुबिसिनची बेरीज २५० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा छातीचे रेडिएशन ३० ग्रे किंवा त्याहून अधिक असेल, किंवा औषध १०० किंवा अधिक आणि रेडिएशन १५ ग्रे किंवा अधिक असे दोन्ही मिळून झाले असेल, तर ती व्यक्ती जास्त जोखमीच्या गटात धरली जाते आणि तिचा इको दर दोन वर्षांनी, कोणतीही तक्रार नसली तरीही, केला जातो. तुम्हाला केमो आणि शेक दोन्ही मिळाले आहेत, म्हणून कागद हाती येईपर्यंत तुम्ही याच गटात आहात असे समजून वागणे शहाणपणाचे आहे. शेवटचा इको कधी झाला, हे तुमच्या पत्रात नाही. पाच वर्षांनंतर तपासणी थांबली असेल, तर तो बहुधा त्यानंतर झालेला नसावा. ‘आता यायची गरज नाही’ हे तुम्हाला सांगितलेले वाक्य रोग परत येण्याच्या दृष्टीने बरोबर असेलही, परंतु उपचारांच्या उशिरा उमटणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने ते चुकीचे होते, आणि ते ऐकून घरी परतलेल्या कित्येक मुलामुलींना मी पुढे तिशीत, दम लागत असलेल्या अवस्थेत भेटले आहे. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्यांतल्या काहींचा बिघाड आधी कळला असता तर गोळ्यांवर आवरता आला असता.

मग कागद मिळवायचा कसा? फोनवरच्या ‘सापडणार नाही’ या उत्तरावर थांबू नका. फोन उचलणाऱ्याने बहुतेक वेळा काहीच शोधलेले नसते. रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागाला, ज्याला तिथले लोक एमआरडी म्हणतात, लेखी अर्ज ईमेलने पाठवा आणि त्याची एक प्रत स्पीड पोस्टनेही पाठवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रे मागितल्यास त्याची पोच देऊन ती ७२ तासांत द्यावी लागतात, याचा उल्लेख अर्जात सौम्य शब्दांत करा. त्याच नियमांत आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे, त्यामुळे ती नष्ट केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु अनेक रुग्णालये कॅन्सरची कागदपत्रे त्याहून बरीच जास्त काळ ठेवतात आणि काहींनी ती स्कॅनही करून घेतली आहेत. अर्जात तुमचे त्या वेळचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, दाखल झाल्याचे साल आणि केस नंबर आठवत असेल तर तो लिहा. रेडिएशन विभागाला वेगळा अर्ज करा, कारण त्यांच्या नोंदी पुष्कळदा मुख्य फाइलपासून निराळ्या, त्यांच्या स्वतःच्या संगणकात असतात, आणि मुख्य फाइल गेली तरी त्या उरलेल्या असतात.

रुग्णालयाकडून काहीच मिळाले नाही, तरी वाट संपत नाही. तेव्हा आर्थिक मदतीसाठी एखाद्या ट्रस्टकडे किंवा मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज केला होता का, हे बाबांना विचारा. त्या अर्जांना रुग्णालयाने दिलेले खर्चाचे पत्रक जोडलेले असते आणि त्यात औषधांची नावे आणि चक्रांची संख्या लिहिलेली असते. मुंबईला जाण्यासाठी रेल्वेची सवलत घेतली असेल, तर त्या दाखल्याची झेरॉक्स एखाद्या डब्यात असू शकते आणि तिच्यावर केस नंबर मिळू शकतो. दोन केमोंच्या मध्ये रक्ताच्या तपासण्या सांगली-मिरजेत होत असतील, तर त्या लॅबकडे आणि तुमच्या घरच्या डॉक्टरांकडे मुंबईहून आलेली पत्रे असण्याचा संभव आहे. शाळेत रजेसाठी दिलेला वैद्यकीय दाखलाही निदानाची तारीख सांगतो. माझ्या ओपीडीतल्या एका मुलाच्या औषधांची संपूर्ण यादी आम्हाला अशीच एका ट्रस्टच्या कपाटातून मिळाली होती, आणि त्यावरून त्याच्या पुढच्या सगळ्या तपासण्या ठरल्या.

एक नोंद तर तुम्ही अंगावर बाळगून आहात. छातीच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना काळसर निळे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आहेत का, ते आरशात पाहा. शेक रोज एकाच जागी पडावा म्हणून ते गोंदवलेले असतात. त्यांच्यावरून डॉक्टरांना शेकाची जागा अंदाजाने ओळखता येते, डोस मात्र कळत नाही. गळ्याच्या हाडाखाली केमोपोर्टचा (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीचा) व्रण असेल, तर तोही दाखवा.

हे सारे गोळा करण्याचा हेतू एकच पान तयार करणे हा आहे. निदान आणि त्याची तारीख, प्रत्येक औषधाचे नाव आणि त्याची एकूण बेरीज, शेकाची जागा आणि एकूण ग्रे, झालेल्या शस्त्रक्रिया, मिळालेले रक्त, आणि उपचार संपल्याची तारीख, एवढेच त्या पानावर असावे. युरोपात याच पानाला डिजिटल रूप देऊन ‘सर्व्हायव्हरशिप पासपोर्ट’ तयार करण्यात आला आहे, आणि अमेरिकेत ‘पासपोर्ट फॉर केअर’ नावाची प्रणाली उपचारांची माहिती भरल्यावर त्या व्यक्तीला कोणत्या तपासण्या कधी लागतील याची यादी काढून देते. या दोन्हींच्या मुळाशी सविस्तर मार्गदर्शक सूचना आहेत; अमेरिकेतील चिल्ड्रेन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या सूचनांची सहावी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली असून ती इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येते. ती इंग्रजीत आणि डॉक्टरांसाठी लिहिलेली आहे, तरी तिच्यासोबत बरे झालेल्यांसाठी साध्या भाषेतली माहितीपत्रकेही आहेत. हृदय, थायरॉइड, स्तनांची तपासणी आणि फुप्फुसे या विषयांची पत्रके काढा आणि तुमच्या फिजिशियनला दाखवा; बालपणीच्या कॅन्सरनंतरची देखभाल हा त्यांच्या रोजच्या कामातला विषय नसतो, आणि चांगला डॉक्टर अशा कागदाचा राग मानत नाही.

आपल्याकडेही हे काम नवे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठीचे ‘ॲक्ट’ क्लिनिक १९९१ मध्ये सुरू झाले, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली २००९ पासून ‘उगम’ हा बालपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा स्वतःचा गट काम करतो. तुमचे उपचार अन्यत्र झाले असल्यामुळे अशा क्लिनिकमध्ये जाण्यापूर्वी फोन करून विचारा, आणि पुण्यातील मोठ्या रुग्णालयांच्या बालकर्करोग विभागांतही चौकशी करा. तुम्ही आता प्रौढ असलात तरी या चौकशीची सुरुवात मुलांच्याच विभागापासून होते, हे विचित्र वाटले तरी तसेच आहे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. ते पान तयार असेल, तर फोन तुमच्या फार उपयोगाचा आहे. ते नसेल, तर कोणतेही ॲप तुम्हाला सर्वांना लागू पडणारी माहिती देत राहील आणि त्यातली तुमची कोणती, हे तुम्ही रात्री जागून शोधत राहाल. तुमची झोप उडण्याचे कारण मला यातच दिसते. एआयला तुमचा डोस ठाऊक नव्हता, म्हणून त्याने शक्यता असलेल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या आणि त्यांतल्या सर्वांत भयंकर गोष्टीने तुमच्या मनात ठाण मांडले. त्याचा उपयोग करायचाच असेल, तर निदान विचारू नका. ‘डॉक्टरांना विचारायचे दहा प्रश्न मराठीत लिहून दे’ किंवा ‘या इको रिपोर्टमधील शब्दांचा अर्थ सांग’ असे विचारा, आणि रिपोर्टचा फोटो देताना त्यावरचे नाव, केस नंबर आणि मोबाइल नंबर झाकून घ्या.

ग्रुपबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तुमच्यासारख्याच चौदाव्या वर्षी केस गेलेल्या, दहावीचे वर्ष वाया गेलेल्या, आणि आज नोकरी करणाऱ्या मुलीशी बोलून जो धीर येतो, तो मी किंवा कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, म्हणून ग्रुप सोडा असे मी म्हणणार नाही. तीनपैकी एकच ठेवा आणि तो निवडताना तो कोण चालवते ते पाहा : त्यामागे एखादी नोंदणीकृत संस्था आहे का, वैद्यकीय प्रश्नांची उत्तरे देणारा कोणी जाणकार आहे का, आणि औषध विकणारे किंवा काढे सांगणारे संदेश ॲडमिन काढून टाकतो का. गुळवेलीचा काढा घेऊ नका. २०२० ते २०२१ या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दाखवली हेही खरे, परंतु ज्या यकृताने लहानपणी इतकी केमो पचवली आहे, त्याच्यावर जिन्यातल्या दमासाठी असा प्रयोग करण्याचे कारण मला दिसत नाही.

कागद साठवण्यासाठी वेगळे कॅन्सर ॲप लागत नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून मिळणारा १४ अंकी आभा क्रमांक काढा. तो ऐच्छिक आहे, आणि त्याच्याशी जोडलेल्या ॲपमध्ये जुनी कागदपत्रे स्कॅन करून ठेवता येतात व तुमच्या संमतीने डॉक्टरांना दाखवता येतात. ते नको वाटले, तर कोणत्याही क्लाउडवर एक फोल्डर करा आणि प्रत्येक फाइलचे नाव साल, महिना व तपासणी अशा क्रमाने द्या, म्हणजे दोन इकोंमधली टक्केवारी शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. इको शक्यतो एकाच ठिकाणी करून घ्या. त्या एका पानाची प्रत बाबांच्या आणि भावंडांच्या फोनमध्येही असू द्या. अपघात होऊन तुम्ही बेशुद्ध असाल आणि भूल द्यावी लागली, तर ‘पूर्वी ब्लिओमायसिन दिले आहे’ हे भूलतज्ज्ञाला कळणे आवश्यक असते, कारण तो शस्त्रक्रियेतल्या ऑक्सिजनचे प्रमाण त्यानुसार बेताचे ठेवतो. याच कारणासाठी तारकर्लीला मैत्रिणींबरोबर स्कूबा डायव्हिंगला जायचे ठरले, तर त्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

फोनच्या कॅलेंडरचा मात्र पुरेपूर उपयोग करून घ्या. शेकाच्या जागेजवळ मान येत असेल, तर टीएसएच दरवर्षी व्हायला हवी आणि डॉक्टरांनी गळा चाचपून पाहायला हवा. ज्या मुलींच्या छातीला १० ग्रे किंवा अधिक शेक मिळाला आहे, त्यांच्या स्तनांची तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी आणि एमआरआय, वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून किंवा शेकानंतर ८ वर्षांनी, यांतले जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करावी लागते. तुमच्या बाबतीत ती मुदत गेल्या वर्षीच सुरू झाली आहे. चाळिशीपर्यंत याची गरज नाही असे कोणी सांगितले, तर तो नियम छातीला शेक न मिळालेल्या स्त्रियांसाठी आहे, हे त्यांना नम्रपणे सांगा. हे वाचून घाबरू नका. ही तपासणी करून घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या रिपोर्टमध्ये काहीही निघत नाही.

व्हिडिओ कॉलवरचा सल्ला २०२० पासून आपल्याकडे अधिकृत नियमांखाली दिला जातो आणि सांगली किंवा पुण्याहून मुंबईच्या तज्ज्ञाला रिपोर्ट दाखवण्यासाठी तो उत्तम आहे. पहिल्या भेटीसाठी, आणि तीही दम लागत असताना, तो पुरेसा नाही, कारण स्टेथोस्कोप छातीवर ठेवावाच लागतो.

आईच्या म्हणण्याविषयी. बारा वर्षांपूर्वी वॉर्डातल्या बाकड्यावर रात्री काढलेल्या आईला तो विषय पुन्हा काढायचा नसेल, तर ते मी समजू शकते, आणि तिच्याशी वाद घालू नका असेच सांगेन. तिला तपासणीला बरोबर न्या. लग्नाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : विवाह जुळवणाऱ्या साइटवरच्या माहितीत हे लिहिण्याची गरज नाही, कारण ती माहिती शेकडो अनोळखी लोक वाचतात, परंतु दोघांनी एकमेकांना पसंत केल्यानंतर आणि साखरपुड्याच्या आधी, तुम्ही स्वतः, त्या मुलाला समोर बसून हे सांगायला हवे. तोवर ते एक पान तुमच्याजवळ असेल, तर बोलणे सोपे जाते. छातीचा शेक गर्भाशयापर्यंत किंवा बीजकोशांपर्यंत पोहोचत नाही. एबीव्हीडी दिले असेल तर बीजकोशांना होणारी हानी सहसा कमी असते आणि प्रोकार्बाझिन दिले असेल तर ती अधिक असू शकते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना बीजकोशांतील बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच तपासणीबद्दल विचारा. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेल्यांच्या मुलांना, आनुवंशिक प्रकार वगळता, कॅन्सरचा धोका वाढलेला आढळत नाही. गर्भारपणाच्या आधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत एक इको मात्र झालाच पाहिजे, कारण त्या काळात हृदयावरचा भार वाढतो.

विम्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी नोकरी करता म्हणून सांगते. स्वतःची पॉलिसी घेताना जुना आजार लपवू नका. २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असते, आणि लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते.

राहिला कृतघ्नपणाचा प्रश्न. अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात बालपणी कॅन्सरचे उपचार झालेल्या दहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर ३० वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के लोकांना कोणता ना कोणता जुनाट आजार जडलेला होता आणि सुमारे ४२ टक्के लोकांमध्ये तो गंभीर किंवा त्याहून अधिक तीव्र होता. ते उपचार आजच्यापेक्षा कठोर होते, त्यामुळे ही टक्केवारी जशीच्या तशी तुम्हाला लागू होत नाही. परंतु हा अभ्यास होऊ शकला, कारण त्या हजारो माणसांनी बरे झाल्यावरही आपल्याला काय होते ते वर्षानुवर्षे सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यावरूनच पुढच्या मुलांचा शेक आणि औषधांची मात्रा कमी करण्यात आली. तुमच्या वाट्याला आलेल्या उपचारांतही त्यांच्या त्या तक्रारींचा हात आहे. तेव्हा तुम्हाला दम लागत असेल, तर तो मोकळेपणाने सांगा. झोप येत नसेल आणि घरी बोलवत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून आणि विनामूल्य बोलता येते.

शेवटचे एक काम सांगलीला गेल्यावर करा. बाबांनी वाळवलेली ती पाने त्यांनी टाकून दिलेली नसतील, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. शाईच्या पेनने लिहिलेले पुसले गेले असेल, पण बॉलपेनने लिहिलेले आणि छापलेले आकडे पाण्यात पुष्कळदा तग धरतात आणि पेन दाबून लिहिल्याच्या खुणा कागदावर राहतात. प्रत्येक पान खिडकीशी, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे धरा, पाठपोट दोन्हीकडून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. केमोच्या दिवसांच्या तक्त्यात औषधाच्या नावापुढे ‘मि.ग्रॅ.’चा एखादा आकडा आणि वर उंची-वजन एवढे जरी वाचता आले, तरी बाकीची बेरीज तुमचे डॉक्टर करू शकतील.